बारवेतून आलेली दुसरी उजेडी

मी तोंडाची फटकळ आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी कुरकुर करायची नाही. तहसीलमध्ये अव्वल कारकून म्हणून अकरा वर्षं काढली की माणूस एकतर मुका होतो नाहीतर फटकळ. मुकं होणं मला जमलं नाही. माझी आई म्हणते, "वर्षाराणी नाव ठेवलं तिथंच चुकलं, राणीसारखी हुकूमच सोडती."

तर हुकूम सोडायची माझी खरी जागा म्हणजे आमचा खेळ. एका रविवाराआड लातुरात ईश्वरप्पाच्या झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही चौघं जमतो. सात वर्षं झाली. खेळ सोपा आहे. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीत एकेक पात्र होऊन वागायचं. तलवारी, राक्षस, जादू, सगळं तोंडानंच. पात्रानं काही अवघड करायचं ठरवलं की वीस तोंडांचा फासा टाकायचा. आकडा मोठा पडला तर जमलं, नाहीतर बोंबललं. गोष्ट सांगणारी मी. राक्षस मी, राजा मी, खानावळवाली मी, अन् पाऊससुद्धा मीच.

बाकीचे तिघं माझे नांदेडच्या कॉलेजातले दोस्त. भागवत शाळेत मास्तर आहे, औशाकडं त्याचं वावर आहे, आणि खेळात तो भीमा कुऱ्हाडे नावाचा पहिलवान असतो. संकट दिसलं की भीमा सगळ्यांच्या पुढं उडी मारतो. ईश्वरप्पा मूळचा निलंग्याकडचा. हा खऱ्या जिंदगीत एवढा सरळ की गिऱ्हाइकाचं एक पान खराब छापलं तर दोन फुकट देतो, पण खेळात तो मुंगूस नावाचा अट्टल चोर असतो. आणि पंचशीला. ती नांदेडला सरकारी दवाखान्यात नर्स आहे. दर दुसऱ्या रविवारी पहाटेची बस धरून तीन तास धक्के खात यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. तिचं पात्र उजेडी, औषधपाण्याची जाणकार. उजेडीची एकच रीत: दारात आलेल्याला नाही म्हणायचं नाही. एकदा तर तिनं आमच्याच अंगावर आलेल्या राक्षसाच्या पायातला काटा काढला होता. भागवत लई चिडला होता तेव्हा.

गेल्या दसऱ्यानंतर माझ्या डोक्यात आलं की या तिघांचे तोतये करायचे. गावाबाहेर एक जुनी बारव. पायऱ्या उतरून पाण्यात वाकून बघितलं की पाण्यातलं तोंड हसतं आणि वर चढून येतं. दिसायला हुबेहूब तुम्हीच, पण दुष्ट. मग तिघांना आपापल्या तोतयाशी झुंजायचं.

आता तोतया करणं म्हणजे काही फालतू काम नाही. डोळे लाल केले, दात वाढवले, काळे कपडे घातले की झाला दुष्ट, असलं मी करत नाही. उलटा माणूस करायलाही अक्कल लागत नाही, शूराचा भित्रा केला की झालं. खरा तोतया तोच माणूस असतो. त्याच्यात जे चांगलं आहे तेच घ्यायचं आणि मीठ पडावं तसं मुठीनं जास्त घालायचं. भाजी तीच, पण तोंडात धरवत नाही. अन् तोतया जिवंत व्हायचा असेल तर पात्राच्या मागं जो खरा माणूस बसलाय त्याच्यातलं काहीतरी त्यात यावं लागतं, हे माझं मत. त्या मतानंच मला खड्ड्यात घातलं.

भीमाचा तोतया मी असा केला की तोही संकटात पहिली उडी मारतो, फक्त उडी मारायच्या आधी बघतो की कुणी बघतंय का. भागवत झाड लावलं तरी आधी फोटो काढतो आणि मग पाणी घालतो, हे आम्हाला माहीत होतं. तोतया बोलायला लागला तसा भागवत हसून हसून खोकायला लागला. मुंगसाचा तोतया एक दाणा चोरत नाही, पण कुणी काय चोरलं हे घरोघरी जाऊन सांगतो. ईश्वरप्पा म्हणाला, "अय्यो, हे तर आमचे थोरले बंधू!"

मी फुगले. आणि मग उजेडीची तोतयी काढली.

ती तोतयी माझी सगळ्यात झकास जमलेली बाई, हे मी आजही म्हणते. तीही कुणाला नाही म्हणत नाही. पण तिला माणसं आजारीच हवी असतात. बरं होऊन कुणी निघालं की तिचा चेहरा पडतो, आणि कुणी मेलं की तिला सुटल्यासारखं वाटतं. तिच्या तोंडी मी एक वाक्य घातलं. पायरीवर बसून ती उजेडीला सांगते, "ती गेली त्या सकाळी मला आधी हलकं वाटलं. रडू नंतर आलं."

हे वाक्य माझं नाही. पंचशीलाचं आहे.

तिची आई चार वर्षं लकव्यानं पडून होती. दिवसा दवाखान्यात पेशंट, घरी आली की आई पेशंट. भाऊ पुण्याला, सणासुदीला यायचा; खेळाच्या रविवारी तेवढी शेजारीण आईपाशी बसायची. सगळा मोहल्ला म्हणायचा, लेक असावी तर अशी. आई गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी, पाहुणे जेवत असताना, ती मला गच्चीवर घेऊन गेली आणि वाळत घातलेल्या चादरीआड उभी राहून हे एवढंच बोलली. मी म्हणलं, "अगं, होतं असं." मग आम्ही खाली येऊन वाढायला लागलो. त्याला तीन वर्षं झाली होती.

मी ते वाक्य मुद्दाम उचललं का? खरं सांगू, लिहिताना ते आपसूक पेनातून उतरलं आणि मला वाटलं, वा, काय वाक्य आहे! कुणाचं आहे हे ध्यानात आलं नाही असं म्हणणार नाही. आलं. पण खेळ चालवणाऱ्याला चांगलं वाक्य सापडलं की त्याला दुसरं काही दिसत नाही. वर मी ते ठळक अक्षरात छापायला ईश्वरप्पाकडं दिलं आणि त्याच्या चार प्रती काढल्या.

खोलीत मी ते तोतयीच्या आवाजात म्हणलं. भागवत म्हणाला, "बाप रे, डेंजर बाई हाय ही." पंचशीलानं समोरचा कागद पालथा केला. फासे ती रिकाम्या गोळ्यांच्या डबीत ठेवते. ते एकेक करून डबीत टाकले आणि पिशवी उचलली.

"कुठं गं?" मी म्हणलं.

"माझी गाडी हाय."

तिची गाडी पाचला असते. तेव्हा वाजला होता एक.

पहिले पंधरा दिवस मी रागातच होते. म्हणलं, खेळ आहे, त्यात एवढं काय! मग पुढचा रविवार आला आणि तिचा मेसेज आला, "ड्युटी हाय." त्याच्या पुढच्यालाही ड्युटी. मग मेसेजही नाही. फोन केला तर वाजून वाजून बंद व्हायचा. भागवत म्हणाला, "उजेडीबिगर खेळायचं न्हाई. भीमाला जखम झाली तर कोण बघणार?" आम्ही तिघं खोलीत बसून भजी खाऊन उठायचो. शेवटी मीच त्यांना ते वाक्य कुणाचं होतं ते सांगितलं, कारण मला एकटीला ते गिळवेना. ईश्वरप्पानं कपाळाला हात लावला. "वर्षा, म्या ते माझ्या हातानं छापलं की गं," एवढंच बोलला.

तेव्हा मला लई वाईट वाटलं. पंधरा वर्षांची दोस्ती. माझं लग्न मोडलं तेव्हा ही बाई आठ दिवस रजा काढून माझ्या घरी येऊन राहिली होती. सल्ला दिला नाही, समजूत काढली नाही, दोन वेळा जेवू घातलं आणि झोपवलं. आता ती कायमची गेली तर? खेळ बंद पडला असता तर मी सहन केलं असतं. ही गेली असती तर लातुरात माझं मन कुठं लागलं नसतं.

मग मी माझ्या पद्धतीनं माफी मागायला बसले. दुसरी पद्धत मला येत नाही. जुनी तोतयी टराटरा फाडली आणि नवी केली. तीनदा केली. शेवटची अशी झाली की ती रोग्यांची औषधं चोरून बाजारात विकते. कुणाच्या मनाला लागायचा प्रश्नच नाही. पण ती दाखवायची कुठं? नांदेडला दारात जाऊन उभं राहायची माझी हिंमत होईना.

तेवढ्यात येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आली. आमच्याकडं येळवसेला लातूर ओस पडतं. दुकानं बंद, रस्ते सुने, जो तो कुणाच्या ना कुणाच्या वावरात. ज्याला वावर नाही त्यालाही बोलावणं असतं, आणि येळवसेचं बोलावणं कुणी मोडत नाही. आम्ही चौघं दरसाल भागवतच्या वावरात. यंदा भागवतनं शहाणपणा केला, पंचशीलाला स्वतः फोन केलाच नाही. त्याच्या आईच्या, गुणाबाई मावशीच्या हातात फोन दिला. मावशी म्हणाली, "पोरी, म्या तुझ्यासाठी भज्जी येगळी काढून ठिवणार हाय. न्हाई आलीस तर कुत्र्याला घालीन अन् तुझं नाव सांगंन." झालं.

ती आली. अकराच्या सुमाराला, हातात नांदेडहून आणलेला पेढ्यांचा पुडा. कडब्याच्या कोपीत सकाळची पूजा होऊन गेली होती. आंबील, बाजरीचे उंडे, भाज्या-डाळींची भज्जी, खीर, धपाटे सगळं चिंचेखाली मांडून ठेवलं होतं, पण भागवतच्या मामाची वाट बघणं चाललं होतं. मामा आल्याबिगर पंगत नाही. ईश्वरप्पा आणि भागवत आम्हाला बघून हरभऱ्याचे ढाळे उपटायला पळाले. दोघंही एक नंबरचे भित्रे.

मी बांधावर तिच्याशेजारी बसले आणि कागद पुढं केला.

"हे काय?"

"नवी तोतयी. जुनी मी फाडली."

तिनं वाचलं. "औषधं चोरती?"

"हाव."

"वर्षे, सात वर्षांत तू इतकं मचूळ काही लिहिलं न्हवतंस."

मला हसू यायला लागलं होतं, पण तिचा चेहरा बघून थांबले. म्हणलं, "शीले, चुकलं. तुझं वाक्य मी चारचौघांत बोलायला नको होतं."

"चारचौघं कुठं होते? भागवत अन् अप्पा. ते काय परके हायेत? त्याचा राग आला होता, पण परतीच्या गाडीत चाकूर यायच्या आत उतरला."

"मग दोन महिने कशाचा राग?"

ती कागदाची घडी घालत बसली. "अहमदपूरला गाडी थांबली. चहा घेतला. तवा ध्यानात आलं. आख्ख्या दुनियेत मी ते एका माणसाला सांगितलं होतं. भावाला न्हाई, कुणाला न्हाई. अन् त्या माणसानं ते उचलून दुष्ट बाईच्या तोंडात ठेवलं. म्हणजे तुला ते दुष्टच वाटलं. गच्चीवर म्हणलीस, होतं असं. अन् तीन वर्षं मनात धरून राहिलीस की ही कशी बाई हाय."

खोटं बोलता आलं असतं. नाही गं, तसं काही नाही, उगं खेळापुरतं. पण या बाईला खोटं कळतं. पेशंटच्या नाडीवरून तिला कळतं की यानं गोळी घेतली नाही.

"वाटलं होतं," मी म्हणलं. "थोडंसं. माझी आई धडधाकट हाय शीले, रोज माझ्याशी भांडती. मला कळलंच न्हवतं तू काय म्हणून राहिलीस ते."

तिनं मान हलवली. रागानं नाही. आपल्याला जे वाटत होतं तेच निघालं म्हणून हलवावी तशी.

"जुनी तुला पाठ असंल ना?" तिनं विचारलं.

"शब्द न् शब्द."

"मग तीच आण. मला तिच्याशी बोलायचंय. दोन महिने मनातल्या मनात बोलून राहिले, उत्तरच जमेना."

मी त्या दोघा भित्र्यांना हाक मारली. चिंचेखाली घोंगडी टाकली. पंचशीलानं डबीतून फासे काढले तेव्हा भागवतनं हुश्श केलेलं मी ऐकलं. बाजूलाच मावशी पंगतीसाठी पत्रावळी पुसत बसली होती. आमच्या खेळाला ती 'पोरांचं फाशाचं येड' म्हणते आणि कान मात्र इकडंच असतो.

बारवेची गोष्ट जिथं तुटली होती तिथून मी धरली. भीमा आणि मुंगूस वर थांबले. उजेडी एकटी पायऱ्या उतरली. सतरावी पायरी ओली होती, तिथं तोतयी बसली होती. तीच साडी, तीच औषधाची पेटी. मी आवाज बदलला. मग म्हणलं, "ती गेली त्या सकाळी मला आधी हलकं वाटलं. रडू नंतर आलं. अन् तू, उजेडी? तुला काय वाटलं?"

पंचशीला फासा मुठीत धरून बसली. टाकेना. ईश्वरप्पा जमिनीकडं बघायला लागला. मला वाटलं, झालं, आता ही पुन्हा पिशवी उचलणार, आणि या खेपेला मावशीच्या फोननंही येणार नाही.

"कोण गेली?" मावशीनं विचारलं.

"कुणी न्हाई मावशी," ईश्वरप्पा म्हणाला. "खेळातली."

"खेळातली आसंल. पण ती कोण बाई बोलली, ती वाईट हाय म्हणं?"

"हाव," मी म्हणलं. "तोतयी हाय ती. दुष्ट."

"का गं? काय वाईट बोलली ती?" मावशीनं हातातलं फडकं खाली ठेवलं. "माझी सासू नऊ वर्सं अंथरुनावर हुती. म्या सगळं केलं, हागनं-मुतनं सगळं. गेली त्या दिशी आख्खं गाव रडत हुतं अन् म्या चुलीपाशी बसल्या जागी झोपले. लई गाढ. नऊ वर्सांत तशी झोपले न्हवते. चवथ्या दिशी तिचं लुगडं वाळू घालाया घेतलं, तवा रडले. मग काय थांबंना. आधी हलकं झालं म्हनून तर रडता आलं की, बाई. न्हाईतर रडाया ताकद कुठं ऱ्हायली हुती?"

भागवत आईकडं बघतच राहिला. "आई, तू हे कवा बोलली न्हाईस."

"तू कवा इचारलंस?" मावशी म्हणाली आणि पुन्हा पत्रावळी पुसायला लागली.

पंचशीला रडायला लागली. तोंड लपवलं नाही, पदर लावला नाही, फासा मुठीत तसाच. मी उठून जवळ जाणार होते, पण तिनं हातानं मला जागेवरच बसवलं. मग तिनं नाक पुसलं, भागवतच्या खिशातलं पेन ओढलं आणि उजेडीचा जुना, चहाचे डाग पडलेला कागद काढला. त्यात 'स्वभाव' म्हणून एक रकाना असतो. तिथं सात वर्षांपूर्वी तिनं लिहिलेलं होतं, 'कुणाला नाही म्हणत नाही.' त्याच्याखाली तिनं ते वाक्य लिहिलं. आधी हलकं वाटलं, रडू नंतर आलं. सगळं, ठळक अक्षरात, दोनदा गिरवून.

"हे आता उजेडीचं हाय," ती म्हणाली. "तुझ्या बाईकडं ऱ्हायलं न्हाई. आता बोल म्हणावं तिला, काय बोलायचं ते."

मी तोतयी होऊन तोंड उघडलं आणि माझ्या ध्यानात आलं की तिच्याकडं खरंच काही उरलं नाही. ती सगळीच्या सगळी त्या एका वाक्यावर उभी होती. तिघंही माझ्याकडं बघत होते. फासा टाकायचा प्रश्नच नव्हता.

"चुकलं माझं," मी म्हणलं.

भागवतला राहवलं नाही. "हे ती म्हणली का तू?"

"दोघीबी."

तिकडं बैलगाडीच्या वाटेवरून मामाची मोटारसायकल येताना दिसली. मावशी पत्रावळी मांडायला उठली. पंचशीलानं फासा डबीत टाकला, डोळे पुसले आणि माझ्या पाठीत एक जोरात धपाटा घातला.

"मग बसा दोघी जेवायला," ती म्हणाली, आणि मावशीनं तिच्यासाठी वेगळी काढून ठेवलेली भज्जी निम्मी माझ्या पत्रावळीवर ओतली.